मुकादमापासून सर्व्हरपर्यंत : भरतीचे दार कोणाच्या ताब्यात?

ऑनलाइन भरती चांगली की वाईट, असा वाद जिंतूरच्या चहाच्या टपरीवर हल्ली रोज ऐकू येतो. तलाठी भरतीत २०० पैकी २१४ गुण पडल्याची बातमी आल्यापासून तर "हे सगळं ऑनलाइनच बंद करा" म्हणणारे वाढले आहेत. त्यात आपलीही पोरे आहेत. त्यांचा राग आम्हाला समजतो. पण ऑनलाइन बंद करून आपण नेमके कुठे परत जाणार आहोत? मागे जे होते ते आपल्यासाठी चांगले होते काय? हा प्रश्न विचारल्याशिवाय या वादात उडी घेणे आम्हाला धोक्याचे वाटते. ज्यांच्या बापजाद्यांना नोकरीच्या दारातूनच हाकलले गेले, त्यांनी तरी भरतीचा इतिहास विसरून भरतीवर बोलू नये.

सुरुवात लष्करापासून करावी लागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे आर्मीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चे खूळ डोक्यात घेतले आणि महारांची भरती बंद केली. परीक्षा नाही, चौकशी नाही, एका धोरणाने दार बंद. त्याविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे मागणी केली, की आमच्या लोकांना लष्करात, पोलिसात आणि सरकारी चाकरीत घ्या. आपल्या चळवळीच्या पहिल्या कागदांपैकी हे कागद आहेत आणि त्यांचा विषय भरती आहे, हे ध्यानात घ्या. देवळाचा आणि तळ्याचा प्रश्न नंतर आला. आधी पोटाचा आणि मानाचा आला, आणि नोकरीत ते दोन्ही होते.

कोल्हापूरला शाहू महाराज गादीवर आले तेव्हा, १८९४ मध्ये, संस्थानातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या हुकुमाला आज आपण आरक्षणाची सुरुवात म्हणतो. पण तो आधी भरतीचा नियम आहे : निवडणाऱ्याच्या मर्जीवर घातलेला लगाम.

मुंबईच्या गिरण्यांत तर लगामही नव्हता. तिथे भरती जॉबर करायचा, म्हणजे आपल्या भाषेत मुकादम. तो आपल्या गावचे, आपल्या जातीचे, आपल्या भावकीचे लोक आणायचा. कापड विणण्याच्या खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्याला जागा नाही. कारण काय, तर धोट्यात धागा भरताना तो तोंडाने ओढावा लागतो आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जातो. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला तेव्हा वर्गसंघर्षाच्या गप्पा मारणाऱ्यांची अडचण झाली. शोषणाविरुद्ध सगळे एक होते, मात्र विणकाम खात्याच्या दारात जात उभी होती.

दहा वर्षांनी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी, मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. मनमाड आपल्याला परके नाही. परभणीहून निघालेली गाडी आजही मनमाडला जाऊन लागते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू, हे त्या भाषणातले सूत्र आपण दर सभेत सांगतो. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांची जी फोड केली, ती फारसे कोणी वाचत नाही. अस्पृश्य माणूस रुळावर गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, असे ते सांगतात. त्याला साधा पोर्टरही का होता येत नाही? तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो, आणि सवर्ण स्टेशनमास्तरच्या घरात अस्पृश्य चालत नाही. कारकुनीत इतर समाजांतले मॅट्रिक न झालेले लोक घेतले जातात आणि आपला मॅट्रिक झालेला मुलगा बाहेर राहतो. कारखान्यात कुली म्हणून लागलेला कुलीच राहतो.

म्हणजे 'गुणवत्ता नाही' हे कारण नव्हतेच. निवडणारा माणूस समोरच्याला बघत होता, आडनाव विचारत होता, गाव विचारत होता. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूसही 'पाव्हणं, आडनाव काय?' विचारतो आणि उत्तर मिळाले की थोडा सरकून बसतो. भरतीच्या खुर्चीत बसलेल्याने तेच केले, फक्त त्याच्या सरकण्याने एका घराची चूल विझत होती.

हे मोडण्यासाठी बाबासाहेबांनी काय केले? जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला दिले, त्यात सरकारी नोकऱ्यांचा मुद्दा ठळक होता. १९४३ मध्ये केंद्राच्या सेवांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, १९४६ मध्ये ते प्रमाण १२.५ टक्के झाले. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. जुलै १९४५ मध्ये, युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामे मिळावीत म्हणून पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय सुरू झाले आणि देशभर रोजगार विनिमय केंद्रांचे जाळे उभे राहू लागले. हे बाबासाहेबांच्या मजूर खात्यातच झाले. काम शोधणारा आणि काम देणारा यांच्यामध्ये मुकादमाऐवजी सरकारी कार्यालय, ही कल्पना त्या काळी मोठीच होती.

१९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना, तसेच २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा या केंद्रांना कळवणे बंधनकारक केले. कळवणे बंधनकारक, तिथूनच भरणे नव्हे. ही पळवाट पहिल्या दिवसापासून होती.

मराठवाड्याची गोष्ट थोडी वेगळी. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. मुंबई इलाख्यात निवेदने, परिषदा, मजूर संघटना चालल्या होत्या तेव्हा आपले आजोबा-पणजोबा गावकीची कामे करत होते. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले आणि मग एक पिढी शिकली. जिंतूर तालुक्यातल्या जुन्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना, येलदरी धरणावर लागलेल्या लोकांना विचारा. त्यांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो : 'कॉल'. परभणीच्या कार्यालयात नाव नोंदवायचे, कार्ड जपून ठेवायचे, मुदतीत नूतनीकरण करायचे आणि कॉलची वाट बघायची. त्याला फी नव्हती, ही त्या व्यवस्थेची मोठी गोष्ट. मजुराच्या पोराला नाव नोंदवायला एसटीच्या तिकिटापलीकडे खर्च नव्हता. पण कॉल कधी निघाला, यादीत कोणाचे नाव गेले, कोणाचे पत्र पोस्टात 'गहाळ' झाले, हे टेबलावरच्या माणसाला माहीत. वडीलधारी मंडळी आजही सांगतात, की मुलाखतीची तारीख उलटून गेल्यावर पत्र हातात पडायचे. वस्तीत पोस्टमन रोज येत नसे आणि गावात पत्र देऊन जाई, ते पुढे कोणी आणून दिले तर.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलकापट्टणमच्या उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या खटल्यात सांगितले, की केवळ रोजगार केंद्राच्या यादीवर थांबू नका, वर्तमानपत्रांत आणि इतर माध्यमांतही जाहिरात द्या, जो पात्र आहे त्याला संधी मिळू द्या. तिथून कॉलचे युग संपत गेले आणि जाहिरातीचे आले. जाहिरात मोठ्या पेपरात, पेपर लायब्ररीत, लायब्ररी तालुक्याला. अर्ज टपालाने, डिमांड ड्राफ्टसह.

हे सगळे सांगायचे कारण असे, की ऑनलाइन अर्ज आला तेव्हा आपल्यासाठी त्याने खरोखर काही दारे उघडली. हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जाहिरात त्याच दिवशी मुंबईच्या आणि चारठाण्याच्या पोराला दिसते. अर्जाचा नंबर मिळतो, 'तुझा अर्ज आलाच नाही' असे कोणी म्हणू शकत नाही. संगणकावरची परीक्षा तपासणाऱ्याला आडनाव कळत नाही. उत्तरतालिका प्रसिद्ध होते, आक्षेप घेता येतो, कोणत्या प्रवर्गाला किती जागा हे जाहिरातीत छापलेले असते. समाजशास्त्राच्या वर्गात मॅक्स वेबरची नोकरशाही शिकवताना तिचा कोरडेपणा, माणसाला न ओळखणारे तिचे नियम, हा तोटा असल्यासारखे सांगतात. आम्हाला नेहमी वाटत आले, की ज्यांना ओळखूनच हाकलले गेले त्यांच्यासाठी न ओळखणारा नियम हा दिलासाच आहे.

शिक्षक भरतीचे उदाहरण घ्या. खाजगी अनुदानित संस्थांत शिक्षक म्हणून लागायचे तर 'डोनेशन' किती, हे मराठवाड्यात उघड गुपित होते. पगार सरकारचा, नेमणूक संस्थाचालकाची. जमीन विकणाऱ्याला नोकरी मिळायची, आणि आपल्याकडे विकायला जमीन कुठे होती? २०१७ मध्ये शासनाने पवित्र पोर्टल आणले, डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, गुणानुक्रमे नावे पोर्टलवरून जाऊ लागली. संस्थाचालकांनी विरोध केला, कोर्टकचेरी झाली आणि शेवटी मुलाखत घेऊन निवड करण्याचा पर्याय त्यांना मिळाला. म्हणजे पुढचे दार संगणकाला आणि मागचे दार पुन्हा मुलाखतीच्या खोलीला. तरीही मुलाखतीशिवायच्या यादीतून लागलेल्या मुलामुलींना विचारा, पोर्टल नसते तर काय झाले असते. ते हात जोडतील.

मग राग कशाचा आहे? राग आहे तो पोर्टलच्या मागे बसलेल्या नव्या मुकादमाचा.

२०१७ मध्ये महापरीक्षा पोर्टल आले. गोंधळाच्या इतक्या तक्रारी झाल्या, की फेब्रुवारी २०२० मध्ये नव्या सरकारने ते बंद केले. सगळ्यांनी गुलाल उधळला. पुढे काय झाले? परीक्षा कागदावर आल्या आणि खाजगी कंपन्यांकडे गेल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या परीक्षेचा पेपर फुटला, त्यात विभागातलेच अधिकारी सापडले. डिसेंबर २०२१ मध्ये म्हाडाची परीक्षा ऐन वेळी रद्द झाली, कारण जिच्याकडे परीक्षा दिली त्या कंपनीचा संचालकच पकडला गेला. त्याच तपासातून शिक्षक पात्रता परीक्षेतला गुणवाढीचा बाजार बाहेर आला आणि ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. या परीक्षा कागद-पेनाच्या होत्या. तेव्हा ऑनलाइन बंद केले की चोरी बंद होते, हे म्हणणे या दोन वर्षांनी खोटे पाडले. परीक्षा संगणकावर आहे की कागदावर, यापेक्षा ती कोणाकडे ठेक्याने दिली, आणि त्या ठेकेदाराला जाब कोण विचारणार, हा मूळ प्रश्न आहे.

२०२२ नंतर टीसीएस आणि आयबीपीएसकडे काम गेले. २०२३ ची तलाठी भरती त्यातली सगळ्यात मोठी. जागा ४,६४४, अर्ज १० लाखांहून अधिक. फी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीव प्रवर्गाला ९००. सवलत १०० रुपयांची! हिशोब करा : कमीत कमी ९०० धरले तरी ९० कोटींच्या आसपास रक्कम होते, आणि ती बेरोजगारांनी भरलेली. त्याच वर्षी वनरक्षक आणि जिल्हा परिषदेच्या जाहिराती निघाल्या, पुढे जलसंपदाची. फी तशीच. चार अर्ज म्हणजे ३,६०० रुपये. कापूस वेचायला जाणाऱ्या आईच्या किती दिवसांची मजुरी होते ते ज्याने त्याने आपल्या घरात मोजावे. परभणीच्या कार्यालयात फुकट नाव नोंदवणाऱ्या बापाचा मुलगा आज प्रत्येक दारात तिकीट काढतो. राज्यघटनेच्या कलम १६ मध्ये संधीची समानता आहे, त्या संधीची फी किती असावी यावर आपण फार उशिरा बोलायला लागलो.

२१ ऑगस्ट २०२३ रोजी सर्व्हर बंद पडला आणि राज्यभर परीक्षार्थी केंद्रांबाहेर ताटकळले. जिंतूरला रेल्वे नाही. मोठ्या शहरातले केंद्र म्हटले की आदल्या दिवशी एसटीने निघायचे, रात्र बसस्टँडवर काढायची. मुलीसोबत घरचे कोणीतरी हवे, म्हणजे दोघांचे भाडे आणि एकाची बुडालेली मजुरी. सर्व्हर दोन तास बंद पडला की शहरातल्या उमेदवाराचे दोन तास जातात, आमच्या मुलीची परतीची गाडी जाते.

आणि ते २१४ गुण. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत झाली, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. सोप्या-अवघड पेपरांची बरोबरी करण्यासाठी गुणांचे सामान्यीकरण करतात, आणि त्या सूत्रात एकूण गुणांपेक्षा जास्त आकडा येऊ शकतो. म्हणून २१४ हा आकडा एकटा घोटाळ्याचा पुरावा ठरत नाही. आपल्या काही कार्यकर्त्यांनी तसे पोस्टर केले, ते टाळायला हवे होते, कारण समोरचा एका वाक्यात खोडून काढतो. खरा मुद्दा असा, की ज्या सूत्राने कोणाची नोकरी ठरते ते सूत्र उमेदवाराला आकडे घालून तपासता येत नाही. एकाच दिवशी, एकाच पेपरवर परीक्षा घ्या, हे सूत्र लागणारच नाही. लोकसेवा आयोग ते वर्षानुवर्षे करतो. आयोग घटनेच्या कलम ३१५ ने बांधलेला आहे, कंपनी करारनाम्याने. तलाठ्यापासून लिपिकापर्यंतची भरती आयोगाकडे द्या, ही मागणी आम्हाला म्हणूनच रास्त वाटते, आयोगाची संथ गती माहीत असूनही.

२०१९ च्या जिल्हा परिषद भरतीचे काय झाले, हे तर लोक विसरूनच गेले. १३ हजारांहून अधिक जागांची जाहिरात मार्च २०१९ मध्ये आली, लाखोंनी फी भरली, परीक्षा झालीच नाही आणि तीन वर्षांनी भरती रद्द झाली. वस्तीत आम्ही तेव्हा ज्या मुलांचे अर्ज भरले, त्यातल्या एकाने फी परत मिळवण्यासाठी चकरा मारल्या. बँक खाते बदललेले, मोबाइल नंबर बंद, जुना पासवर्ड सेंटरवाल्याच्या वहीत आणि ती वही सापडेना. हा तोटा कोणत्याही अहवालात येत नाही. अर्ज 'आपण' भरतो असे म्हणायचे, प्रत्यक्षात मल्टिसर्व्हिसेसवाला भरतो. ओटीपी त्याच्या दुकानात, ईमेल त्याने बनवलेला. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि प्रवर्गाच्या रकान्यात अनुसूचित जाती हे एकत्र कसे बसते, हे त्याला कळत नाही आणि तो मनाने काहीतरी निवडतो. १९९० च्या दुरुस्तीने केंद्रातही बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले, ती लढाई आपण जिंकली. अर्जातल्या एका चुकीच्या क्लिकने ती कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर हरली जाऊ नये, म्हणून अर्ज जमा करण्याआधी प्रिंट काढून दोघांनी वाचा.

खाजगी क्षेत्रावर थोडेच बोलतो, कारण तिथे बोलायला नियमच नाहीत. मिलिंदमध्ये शिकलेले आपले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फक्त नावे वेगळी : सवर्ण, दलित, मुस्लिम. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे येण्याची शक्यता स्पष्टपणे कमी निघाली. अमेरिकेत २००४ मध्ये काळ्या आणि गोऱ्या नावांचा असाच प्रयोग झाला, गोऱ्या नावांना ५० टक्के जास्त फोन आले. आता हेच अर्ज नोकरीच्या संकेतस्थळांवर जातात आणि चाळायला यंत्र बसले आहे. ॲमेझॉनने असे यंत्र बनवले होते. ते कंपनीच्या जुन्या निवडींवरून शिकले आणि बायकांचे अर्ज मागे टाकू लागले, म्हणून सोडून द्यावे लागले, हे २०१८ मध्ये बाहेर आले. जुन्या निवडींवरून शिकणारे यंत्र आपल्या देशात काय शिकेल, हे विणकाम खात्याचा आणि मनमाडचा इतिहास वाचलेल्याला वेगळे सांगायला नको.

सरकारही त्याच वाटेने निघाले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ९ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला, तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. १७ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रात ४५ पदांच्या थेट भरतीची जाहिरात आली, तीत आरक्षण नव्हते, तीन दिवसांत मागे घेतली गेली. अर्ज तिथेही ऑनलाइनच होते. पोर्टल चकचकीत असले आणि पदच आरक्षणाच्या बाहेर काढलेले असले, तर पारदर्शकता कशाची?

म्हणून पोर्टल उघडण्याच्या आधी काय होते तिकडे बघा. कोणतीही जाहिरात निघण्यापूर्वी कार्यालयाला बिंदुनामावली अद्ययावत करावी लागते आणि ती विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. अनुसूचित जातीच्या १३ टक्क्यांपैकी किती बिंदू भरले, अनुशेष किती, हे त्या नोंदवहीत असते. पोर्टलवर फक्त उरलेला आकडा येतो. त्या आकड्यात 'शून्य' दिसले की आपली पोरे हळहळून दुसऱ्या जाहिरातीकडे वळतात. वळू नका. जिल्हा परिषद, महसूल, नगरपरिषद, ज्या कार्यालयाची जाहिरात असेल तिथे माहिती अधिकाराचा अर्ज टाका : संवर्गनिहाय मंजूर पदे, भरलेली पदे, बिंदुनामावलीची प्रमाणित प्रत आणि तिच्या शेवटच्या तपासणीची तारीख. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही लागत नाही. जिंतूरमध्ये ज्यांना अर्ज लिहायला मदत हवी त्यांनी रविवारी विहारात यावे, येताना जाहिरातीची प्रत सोबत आणावी.